रोहिणीमागची तबकडी

डिसेंबरात रात्री नऊच्या सुमाराला मृग पूर्वेकडे चांगला वर आलेला असतो. त्याच्याही वर, डोक्याच्या दिशेने नजर नेली की एक ठळक तांबूस तारा दिसतो. ती रोहिणी. तिच्या उत्तरेला साधारण दोन अंशांवर, म्हणजे पौर्णिमेचे चार चंद्र ओळीने मांडले तर जेवढी जागा लागेल तेवढ्यावर, नुसत्या डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. मोठ्या दुर्बिणीतूनही तिथे एक धुरकट डाग तेवढा सापडतो. त्या डागाच्या पोटात ‘एचएल टॉरी’ हा तारा आहे. रोहिणी आपल्यापासून ६५ प्रकाशवर्षांवर. हा तिच्या कितीतरी मागे, साडेचारशे प्रकाशवर्षांवर. वय फार तर दहा लाख वर्षं.

‘फार तर’ हे मुद्दाम लिहिलं आहे. सूर्यासारख्या ताऱ्याचं पूर्ण आयुष्य १००० कोटी वर्षांचं धरतात. ते माणसाच्या ऐंशी वर्षांवर बसवलं तर दहा लाख वर्षं म्हणजे जेमतेम तीन दिवस. एचएल टॉरी हे तीन दिवसांचं तान्हं आहे. याच मापाने सहाव्या दिवशी सटवाई येईल तेव्हा तारा वीस लाख वर्षांचा असेल आणि बारशाच्या दिवशी चाळीस लाखांचा. हे माप एकदा मनात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं, कारण ताऱ्याभोवती जे काही घडायचं ते सटवाई आणि बारसं यांच्या आसपासच आटोपतं. निम्म्या ताऱ्यांभोवतीचं वायू-धुळीचं सामान दोन-तीन दशलक्ष वर्षांत संपलेलं असतं. एक कोटी वर्षांत, म्हणजे बाळ महिन्याचं होईपर्यंत, जवळपास सगळ्यांचंच. ग्रह घडवायचे तर तेवढ्यातच.

या ताऱ्याचं चित्र २०१४ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालं. चिलीतल्या आटाकामा वाळवंटातल्या ‘अल्मा’ या रेडिओ दुर्बिणीने ते टिपलं होतं. ज्यांनी ग्रामोफोन वाजवला आहे त्यांना ते पाहून तीच आठवण यावी : तिरकी धरलेली तबकडी, मधे तेजस्वी ठिपका, भोवती एकाबाहेर एक उजळ कडी आणि त्यांच्यामधे काळ्या खाचा. ताऱ्यापासून १३, ३२, ६४ एककांवर खाचा, आणि आणखीही काही. इथे एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य हे अंतर, पंधरा कोटी किलोमीटर. चित्र आलं तसं सगळ्यांनी काळ्या खाचांवर बोट ठेवलं. इथे ग्रह जन्मतोय, तिथे ग्रह जन्मतोय. मला मात्र त्या चित्रातली खरी बातमी उजळ कड्यांमधे आहे असं वाटतं. ती धूळ तिथे असायलाच नको होती. ती का आहे हे सांगायचं तर आधी तबकडी का होते तिथपासून सुरुवात करायला हवी.

तारा थंड, विरळ ढगाच्या गाठीतून जन्मतो. ही गाठ साधारण २० हजार एककं रुंद. ती स्वतःभोवती फिरते, पण इतकी सावकाश की एका फेरीला लक्षावधी वर्षं लागावीत. गुरुत्वाने ती आकसू लागते आणि मग फुगडीचा नियम लागू होतो. फुगडी घालताना दोघी हात ताणून सुरू करतात. हात आखडून जवळ आल्या की गिरकी आपोआप वाढते. अंतर निम्मं, तर फिरणं चौपट. ढगाला तर लाखो पटींनी आकसायचं असतं. सगळा ढग तसाच ताऱ्यापर्यंत पोचला असता तर तारा तयार होण्याआधीच फाटला असता. अक्षाच्या दिशेने, वरून आणि खालून पडणाऱ्या वायूला फिरण्याची अडचण नसते. दोन्ही बाजूंचा वायू मधल्या प्रतलावर आपटतो, वर-खाली जाण्याचा वेग तिथेच मरतो, उरतं ते फक्त फिरणं. म्हणून गोळ्याची चपटी तबकडी होते. जर्मन तत्त्वज्ञ कान्टने १७५५ मधे आणि फ्रेंच गणिती लाप्लासने १७९६ मधे सूर्यमालेबद्दल जे सुचवलं त्याचा गाभा हाच होता.

एक हिशेब मात्र दीडशे वर्षं जुळत नव्हता. सूर्यमालेचं ९९.८ टक्के वस्तुमान सूर्यात आहे, पण फिरण्याची पुंजी, ज्याला कोनीय संवेग म्हणतात, ती सूर्याकडे एक टक्काही नाही. बहुतेक सगळी ग्रहांच्या नावावर, त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या गुरूच्या. वस्तुमान आत गेलं आणि फिरणं बाहेर राहिलं, हे कसं? तबकडीचं काम नेमकं हेच. थोडा माल फिरण्याचा बोजा घेऊन बाहेर सरकतो किंवा उडून जातो आणि बाकीचा हलका होऊन आत पडतो. बोजा एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हा या विषयातला सगळ्यात जुना वाद आहे. त्याकडे परत यायचं आहे.

आत पडणाऱ्या मालाचं काय होतं ते आधी पाहू, कारण तरुण तारे पहिल्यांदा ओळखू आले ते त्यांच्या खादाडीमुळे. जॉन रसेल हाइंड यांना १८५२ मधे लंडनहून वृषभ राशीत एक अंधुक तारा आणि त्याच्या शेजारी एक छोटा तेजोमेघ दिसला. पुढे तो तेजोमेघ काही वर्षांनी दिसेनासा झाला आणि नंतर पुन्हा उजळला. तारा होता टी टॉरी. आज ठाऊक आहे की तो एकटा नाही, तिघांचं कुटुंब आहे. आल्फ्रेड जॉय यांनी १९४५ मधे अशा चंचल ताऱ्यांचा एक गट केला आणि गटाला याच ताऱ्याचं नाव दिलं. हे तारे अनियमितपणे उजळतात आणि मंदावतात, ढगांच्या कडेलाच सापडतात, आणि त्यांच्या वर्णपटात हायड्रोजनची तेजस्वी रेषा असते. ती रेषा रुंद असते, हे महत्त्वाचं. रुंदी म्हणजे वेग. वायू सेकंदाला दोन-तीनशे किलोमीटर वेगाने पडतोय असं ती सांगते.

पण तबकडीची आतली कड ताऱ्याला टेकलेलीच नसते. तरुण ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र एक-दोन हजार गॉसचं असतं. ते काही तारा-त्रिज्यांच्या अंतरावर तबकडी तोडतं. तिथून पुढे वायू चुंबकीय रेषांवरून घसरगुंडीसारखा उतरतो आणि ताऱ्याच्या पृष्ठभागावर ठरावीक जागी आदळतो. तिथे तप्त डाग पडतात, त्यातून अतिनील प्रकाश येतो. नेहमीच्या टी टॉरी ताऱ्याचा खुराक वर्षाला सूर्याच्या दहा कोटीव्या भागाइतका असतो. ऐकायला किरकोळ, पण हिशेब केला तर दर तीनशे वर्षांत एक पृथ्वीभर माल.

हा खुराक रोज सारखा नसतो. मृगातला एफयू ओरायनिस १९३६ मधे अचानक शंभर पटींहून अधिक उजळला आणि आजतागायत पुरता मंदावलेला नाही. अशा उद्रेकात तारा वर्षाला तीस पृथ्वींइतका माल गिळतो. असा तारा भोवतालची तबकडीही तापवतो. व्ही८८३ ओरायनिसच्या तबकडीत पाण्याच्या बर्फाची सीमा त्यामुळे चाळीस एककांपर्यंत ढकलली गेल्याचं अल्माने २०१६ मधे दाखवलं. शांत अवस्थेत ती काही एककांवरच असायची. मृगातल्याच व्ही१६४७ ओरायनिसच्या उद्रेकाने उजळलेला तेजोमेघ २००४ च्या जानेवारीत जे मॅक्नील या हौशी निरीक्षकाला अमेरिकेत तीन इंची दुर्बिणीतून सापडला होता. तो २००८ मधे पुन्हा उजळला, तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या खगोलज्ञांनी लडाखमधल्या हान्लेच्या दोन मीटर दुर्बिणीतून त्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवली. असल्या कामात मोठ्या आरशापेक्षा चिकाटी जास्त उपयोगी पडते.

तबकडी डोळ्यांना दिसण्याआधी हिशेबात सापडली. १९८३ मधे ‘आयरास’ या अवरक्त उपग्रहाने स्वतःचं मोजमाप तपासण्यासाठी अभिजित तारा निवडला. ज्याच्या तेजाची खात्री आहे असा तारा म्हणून. पण दूरच्या अवरक्तात अभिजित अपेक्षेपेक्षा बराच जास्त तेजस्वी निघाला. तारा स्वतः तेवढा देऊच शकत नाही, म्हणजे भोवती कोमट धूळ आहे. पुढच्याच वर्षी बीटा पिक्टोरिस या ताऱ्याच्या, कडेने दिसणाऱ्या तबकडीचं छायाचित्र मिळालं. नंतर १९९० च्या दशकात हबल दुर्बिणीने मृगातल्या तेजोमेघासमोर काळ्या सावल्यांसारख्या तबकड्या दाखवल्या. कान्टची कल्पना डोळ्यांसमोर आली, पण आतली रचना काही दिसेना.

ती दिसायला अल्मा लागली. तिथे चित्र कसं बनतं हे थोडं सविस्तर सांगतो, कारण चित्रावर किती विश्वास ठेवायचा ते यावरच ठरतं. चाखनान्तोर पठार पाच हजार मीटर उंचीवर आहे. तिथे ६६ अँटेना : ५४ बारा मीटरच्या, १२ सात मीटरच्या. एकही अँटेना चित्र काढत नाही. प्रत्येक जोडीच्या लहरींची तुलना होते. ६६ अँटेनांच्या २१४५ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडी आकाशाच्या एकाच ‘बारकाव्या’चं माप देते. जवळच्या जोड्या मोठे, पसरट आकार टिपतात. दूरच्या जोड्या बारीक नक्षी. एचएल टॉरीसाठी अँटेना पंधरा किलोमीटरपर्यंत पांगवल्या होत्या. त्यामुळे ०.०३५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) इतका बारकावा मिळाला. त्या अंतरावर ते होतं पाच एकक, सूर्य ते गुरू. नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण याच तत्त्वावर चालते : ४५ मीटरच्या ३० तबकड्या, ४३५ जोड्या, पंचवीसेक किलोमीटरचा पसारा. फरक तरंगलांबीचा. अल्मा मिलीमीटरमधे पाहते, खोडद मीटरच्या आसपास.

बिघडतं काय, तर मुख्य म्हणजे वाफ. हवेतली पाण्याची वाफ लहर किंचित उशिरा पोचवते, आणि दर अँटेनावर हा उशीर वेगळा. मिलीमीटरच्या खेळात अर्ध्या मिलीमीटरचा घोळ म्हणजे चित्राचा चिखल. म्हणून बारा मीटरच्या प्रत्येक अँटेनात वाफ मोजणारं उपकरण असतं, ते १८३ गिगाहर्ट्झला पाण्याची रेषा पाहतं आणि सेकंदासेकंदाला दुरुस्ती सांगतं. शिवाय दर मिनिट-दोन मिनिटांनी अँटेना आकाशात शेजारी दिसणाऱ्या क्वासारकडे, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेच्या तेजस्वी गाभ्याकडे, वळवतात. तो ठिपका आहे हे माहीतच असतं. ठिपका ठिपका दिसला नाही तर दोष हवेचा. तरीही फेब्रुवारीत पूर्वेकडून ओल येते तेव्हा काम बंदच ठेवतात.

दुसरी खोट अधिक फसवी. जोड्या कितीही असल्या तरी मधली काही अंतरं रिकामी राहतात, आणि त्या रिकामेपणातून चित्रात खोटे तरंग उमटतात. एका ठिपक्याभोवतीसुद्धा फिकट कडी येतात! कड्यांच्या शोधात निघालेल्याला याहून मोठा सापळा कोणता? १९७४ मधे होगबोम यांनी यावर ‘क्लीन’ ही पद्धत काढली. चित्रातला सगळ्यात तेजस्वी ठिपका घ्यायचा, तो दुर्बिणीच्या नजरेत कसा दिसला असता त्याचा दहावा भाग वगैरे वजा करायचा, आणि नुसता खरखराट उरेपर्यंत हेच हजारो वेळा. थांबायचं कधी ते ठरवणं ही कला आहे. लवकर थांबलात तर खोटी कडी राहतात, फार पुढे गेलात तर खरखराटाचे तारे होतात. एचएल टॉरीची कडी वेगवेगळ्या तरंगलांबींत त्याच जागी आली, म्हणून ती खरी.

तिसरी गोष्ट लोक सर्रास विसरतात. हे तबकडीचं चित्र नाहीच. तिच्यातल्या मिलीमीटरभर कणांचं आहे. तबकडीत वजनाने सुमारे ९९ टक्के वायू आणि एकच टक्का धूळ. कण आपल्या आकाराच्या आसपासच्या तरंगलांबीतच नीट दिसतो. त्यामुळे मिलीमीटरमधे वाळूएवढे कण दिसतात, तर अवरक्त प्रकाशात धुरासारखी बारीक धूळ, वायूबरोबर वर तरंगणारी. एकाच ताऱ्याची दोन चित्रं शेजारी ठेवली तर एक पातळ चकती आणि एक फुगीर वाडगा अशी दिसतात. बहुतांश वायू हायड्रोजन आहे आणि थंड हायड्रोजन जवळपास मुकाच असतो, म्हणून कार्बन मोनॉक्साइडकडून साक्ष घ्यावी लागते. तोही थंड भागात धुळीवर गोठून गप्प होतो. तबकडीचं वजन काढताना तापमान २० केल्विन धरतात, धुळीची चकाकी किती ते गृहीत धरतात आणि शेवटी शंभराने गुणतात. प्रत्येक पायरीवर दुप्पट-तिप्पट चुकायला वाव आहे. शिवाय दाट भागात मिलीमीटरलाही आरपार दिसत नाही, तेवढं वजन मोजलंच जात नाही. म्हणून तबकडीच्या वस्तुमानाचा आकडा कुणी दोन दशांश स्थळांपर्यंत सांगितला तर त्याच्याकडे जरा संशयाने पाहावं.

इतकं असूनही त्या चित्रातून एक गोष्ट अतिशय स्वच्छ निघाली. एचएल टॉरीची तबकडी आपल्याला सुमारे ४७ अंश कललेली दिसते. तबकडी जाड असती तर तिरक्या नजरेला पुढच्या कड्याची जाडी मागच्या खाचेवर आली असती आणि दोन बाजूंच्या खाचा बुजल्या असत्या. ताटात उभ्या काठांच्या वाट्या ठेवून तिरकं पाहिलं की मधली जागा झाकते तशा. पण खाचा चहूबाजूंनी सारख्याच स्पष्ट आहेत. त्यावरून हिशेब झाला की ताऱ्यापासून शंभर एककांवर धुळीच्या थराची उंची एकाच एककाच्या आसपास आहे. कागदासारखी पातळ.

आणि इथेच जुना वाद पुन्हा उघडला. फिरण्याचा बोजा बाहेर नेण्याचं काम वायूतली खळबळ करते, असं कित्येक दशकं धरलं होतं. शाकुरा आणि सुन्याएव यांनी १९७३ मधे कृष्णविवरांच्या तबकड्यांसाठी त्या खळबळीला ‘अल्फा’ असा एक आकडा दिला; कारण न सांगता आकडा देण्याची सोय, असं मी त्याला म्हणेन. ते कारण १९९१ मधे बाल्बस आणि हॉली यांनी सुचवलं : चुंबकीय रेषा वायूच्या शेजारशेजारच्या थरांना रबरासारख्या बांधतात आणि त्यातून खळबळ माजते. या अस्थैर्याचं गणित वेलिखोव्ह यांनी १९५९ मधे आणि सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९६० मधे मांडून ठेवलेलं होतं. ते तबकड्यांना लागू पडतं हे ध्यानात यायला तीस वर्षं गेली. पण एवढी खळबळ असती तर धूळ वर उधळली असती, कागदासारखी बसली नसती. तबकडीचा मधला भाग थंड आहे, तिथे विद्युतभारित कण फार थोडे, म्हणून चुंबकीय रेषांची पकड ढिली. आता बऱ्याच जणांचा कल असा की बोजा मुख्यतः वाऱ्याने जातो. तबकडीच्या पृष्ठभागावरून चुंबकीय रेषांच्या आधाराने वायू वर उडतो आणि जाताना फिरणं घेऊन जातो. ध्रुवांकडून निघणारे फवारे हेही त्याच कुटुंबातले. वृषभातल्याच डीजी टॉरीच्या फवाऱ्यात प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन असल्याची खूण २०१४ मधे मिळाली, आणि ती खोडदच्या जीएमआरटीतून, ३२५ आणि ६१० मेगाहर्ट्झवर. धूळ पाहायला अल्मा लागते. असले इलेक्ट्रॉन मात्र लांब लहरींतच उठून दिसतात.

आता धूळ. तिची अडचण समजली की कड्यांकडे पाहण्याची नजर बदलते.

वायूला स्वतःचा दाब असतो. आत दाब जास्त, बाहेर कमी, म्हणून वायूला बाहेरच्या दिशेने थोडा आधार मिळतो आणि तो ताऱ्याभोवती किंचित सावकाश फिरूनही पडत नाही. गोट्याला हा आधार नाही. त्याला पूर्ण वेगाने फिरावं लागतं. पृथ्वीच्या अंतरावर वेग सेकंदाला ३० किलोमीटर, आणि वायू गोट्यापेक्षा जवळपास ५० मीटरने मागे. म्हणजे गोट्याला सतत ताशी पावणेदोनशे किलोमीटरचा समोरून येणारा वारा. वायू विरळ असला तरी हा वारा कधी थांबत नाही. गोटा वेग गमावतो आणि आत सरकतो. वायडनशिलिंग यांनी १९७७ मधे हे मांडलं. बारीक धूळ वायूबरोबरच वाहते, तिला काही होत नाही. डोंगराएवढ्या दगडाला वाऱ्याची फिकीर नसते. सुपात पाखडताना फोल आणि दाणा वेगळे व्हावेत तसे इथेही आकारानुसार नशीब वेगळं. सगळ्यात वाईट गत मीटरभर दगडाची : शंभर-दोनशे वर्षांत थेट ताऱ्यात. दूरवर, तीस-चाळीस एककांवर, हीच वाईट गत मिलीमीटर-सेंटिमीटर कणांवर येते.

मग पटकन मोठं व्हावं, मधला टप्पा ओलांडावा? तिथेही खोडा आहे. मायक्रॉनभर (मिलीमीटरच्या हजाराव्या भागाएवढे) कण एकमेकांना सहज चिकटतात, पलंगाखाली धुळीचे बोळे होतात तसे. जर्मनीत ब्रेमेनला १४६ मीटरचा मनोरा आहे. त्यात वस्तू सोडली की पावणेपाच सेकंद वजनरहित अवस्था मिळते. अशा प्रयोगांतून दिसलं की मिलीमीटरच्या आसपास पोचल्यावर धुळीचे गोळे चिकटण्याऐवजी एकमेकांवरून उसळतात, आणि सेकंदाला मीटरभर वेगाने आपटले की फुटतात. वाढू तर फुटतो, फुटलो नाही तर बुडतो.

अशा हिशेबाने दहा लाख वर्षांच्या तबकडीत मिलीमीटरभर कण बाहेरच्या भागात उरायलाच नकोत. चित्रात तर तेच लखलखताहेत. काहीतरी त्यांना अडवतंय.

अडवतो तो दाबाचा उंचवटा. तबकडीत कुठेही वायूचा दाब आजूबाजूपेक्षा थोडा जास्त झाला की त्याच्या बाहेरच्या बाजूला वायू सावकाश, म्हणून गोटे आत सरकतात. पण आतल्या बाजूला दाब उलटा, तिथे वायूच गोट्यांपेक्षा वेगात, मागून ढकलतो आणि गोटे बाहेर सरकतात. दोन्हीकडून येऊन माथ्यावर जमतात. उजळ कडं म्हणजे हा माथा, बुडण्यापासून वाचलेल्या धुळीचा बंधारा. २०१८ मधे अल्माने जवळच्या वीस तबकड्या याच बारकाव्याने तपासल्या आणि कडी जवळपास सगळीकडे निघाली. धनु राशीतल्या एचडी १६३२९६ मधे त्याच वर्षी वायूचा वेगही मोजला गेला. दाबाचा चढउतार खरोखरच तसा होता. भुजंगधारीतल्या आयआरएस ४८ मधे तर कडं पुरं नाहीच, एकाच बाजूला काजूच्या आकाराचा ढीग साचलाय.

माथ्यावर गर्दी झाली की पुढचं काम झपाट्याने होतं. गोटे दाटीने फिरू लागले की ते वायूलाच ओढून पुढे नेतात, समोरचा वारा मंदावतो, त्यांचं आत सरकणं हळू होतं आणि मागून येणारे त्यांना येऊन मिळतात. खंडाळ्याच्या घाटात एक ट्रक रेंगाळला की मागे रांग लागते, आणि रांगेत भर घालायला कुणाला आमंत्रण लागत नाही, तसं. यूडिन आणि गुडमन यांनी २००५ मधे याचं गणित मांडलं. ढीग पुरेसा दाट झाला की स्वतःच्या गुरुत्वाने कोसळतो आणि मीटरचा टप्पा न घेता एकदम दहा-शंभर किलोमीटरचा पिंड तयार होतो. ‘न्यू होरायझन्स’ यानाने १ जानेवारी २०१९ रोजी नेपच्यूनपलीकडचा अ‍ॅरोकॉथ जवळून पाहिला. दोन चपटे गोळे, हळुवारपणे एकमेकांना टेकून जोडलेले, आपटल्याची खूण नाही. कोसळत्या ढिगातून जोडीने जन्मलेल्या पिंडाचं रूप असंच असायला हवं.

उंचवटा मुळात कशाने झाला, हा प्रश्न उरतोच. तयार ग्रह आपल्या कक्षेतला वायू बाजूला सारतो आणि बाहेरच्या कडेला उंचवटा उभा राहतो, हे एक उत्तर. पण मग तो पहिला ग्रह कुठून आला? चुंबकीय वारा कुठे जास्त, कुठे कमी वाहिला तरी उंचवटे होतात. त्यामुळे दर खाचेत एक ग्रह बसवायची घाई करू नये. खाचेत ग्रह प्रत्यक्ष दिसल्याची उदाहरणं बोटांवर मोजण्याजोगी आहेत. नरतुरंगातला पीडीएस ७० हे सगळ्यात भक्कम : ३७० प्रकाशवर्षांवर, पन्नासेक लाख वर्षांचा तारा, रुंद पोकळी आणि तिच्यात दोन गुरूसारखे ग्रह, पहिला २०१८ मधे सापडला, दुसरा २०१९ मधे. दुसऱ्याभोवती त्याची स्वतःची छोटी तबकडीही २०२१ मधे दिसली. तिथे चंद्र घडू शकतात.

वेळापत्रकाची दुसरी साक्ष आकाशातून पडते. उल्कापाषाणांमधले कॅल्शियम-अ‍ॅल्युमिनियमयुक्त पांढरे ठिपके हे सूर्यमालेतले सगळ्यात जुने घन पदार्थ, ४५६.७ कोटी वर्षांचे. त्यांच्यापासून काळ मोजला तर काही लोह-उल्कांचे मूळ पिंड दहा लाख वर्षांच्या आतच वितळून घडले होते. उल्कांमधल्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, प्रमाण पाहिलं तर उल्कांचे दोन वेगळे गट पडतात. आतल्या आणि बाहेरच्या मालाचं मिसळणं लवकरच थांबलं होतं असं त्यातून निघतं. मधे भिंत घालायला गुरूचा गाभा तेव्हाच वीस पृथ्वींएवढा झाला असावा, असा २०१७ मधला निष्कर्ष. दुसरीकडे, दोन-तीन दशलक्ष वर्षांच्या तबकड्यांत मोजलेली धूळ ज्ञात ग्रहमालांना पुरणारी नाही. दोन्ही गोष्टी एचएल टॉरीशी जुळतात : सामान कमी दिसतं, कारण बरंचसं आधीच पिंडांत गेलेलं असतं. आपण जिला ग्रह घडण्याआधीची अवस्था म्हणत होतो, ती बऱ्याच अंशी घडून गेल्यानंतरची होती. एचएल टॉरीच्या आतल्या भागात पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या किमान तिप्पट पाण्याची वाफ आहे, हेही अल्मानेच २०२४ मधे दाखवलं. माल, पाणी, कडी, सगळं तिसऱ्या दिवशीच हजर.

शेवट वायूचा. ताऱ्याचे क्ष-किरण आणि अतिनील किरण तबकडीचा पृष्ठभाग तापवतात. बाहेरच्या भागात गुरुत्व कमी, तापलेला वायू सुटून जातो. बाहेरून आत येणारा पुरवठा या गळतीपेक्षा कमी झाला की मधे भोक पडतं आणि मग उरलेलं झरझर संपतं. शेजार वाईट असला तर आणखी लवकर. मृगातल्या तेजोमेघात एक राक्षसी तारा आपल्या भोवतालच्या तबकड्या बाहेरूनच सोलून काढतोय. हबलच्या चित्रांत त्या थेंबासारख्या दिसतात, शेपटी त्या ताऱ्याच्या विरुद्ध दिशेला. उलट वासुकीतला टीडब्ल्यू हायड्री एक कोटी वर्षांच्या घरात येऊनही आपली तबकडी सांभाळून आहे. असं चिवट मूल क्वचितच.

वायू गेल्यावर धूळ टिकत नाही. ताऱ्याच्या प्रकाशाचा दाब आणि ओढ तिला हुसकावते किंवा आत पाडते. म्हणून अभिजितभोवतीची धूळ जन्माच्या वेळची नव्हे, नंतर पिंड एकमेकांवर आपटून झालेली दुसऱ्या पिढीची आहे. आपल्याकडेही तशी आहे. फेब्रुवारी-मार्चमधे अमावास्येच्या आसपास, शहराच्या उजेडापासून दूर, सूर्यास्तानंतर दीड तासाने पश्चिमेला पाहावं. क्षितिजावरून निमुळता होत गेलेला एक फिकट उजेडाचा शंकू दिसतो, आकाशगंगेपेक्षाही मंद. त्याला राशिप्रकाश म्हणतात : धूमकेतू आणि लघुग्रहांच्या भुग्यावरून परतलेला सूर्यप्रकाश, ग्रहांच्याच प्रतलात पसरलेला. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं द्यावी लागतात. त्या दिवसांत त्याचं टोक कृत्तिका आणि रोहिणीच्या दिशेला असतं.